स्नॉर्केलिंगची तयारी बडोद्यातच उरका: मास्क, नळी आणि बाकीचं थोडंसं

स्नॉर्केलिंग म्हणजे डोळे-नाक झाकणारा मास्क आणि श्वासाची नळी लावून, तोंड पाण्यात घालून तरंगत खालचे मासे आणि प्रवाळ बघणं. पण अंदमानला निघालेल्या बडोदेकराच्या सामानात भाखरवडीचे दोन डबे असतात, मास्क मात्र नसतो. ‘तिथे भाड्याने मिळतोच की!’ मिळतो, पण तुमच्या चेहऱ्याला बसेल असा मिळेलच असं नाही. स्वराज द्वीपावरच्या (जुनं हॅवलॉक) एलिफंट बीचवर पाण्यात मोजकाच वेळ मिळतो. तो मास्कमधलं पाणी काढण्यात घालवायचा नसेल तर नळी आणि पायात घालायचे पंख भाड्याने घ्या हवं तर, मास्क स्वतःचाच न्या.

दुकानात मास्क पाहताना पट्टा डोक्यामागे टाकू नका. केस मागे सारा, मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला, काच कपाळाला किंवा नाकाला टेकत नसली तर तो तुमचा. पडला तर कितीही सवलत असो, दुसरा बघा. कड सिलिकॉनची हवी, काच ‘टेम्पर्ड’ (फुटली तरी धारदार तुकडे न होणारी) हवी. चष्म्याच्या काड्या कडेखाली आल्या की पाणी शिरणारच, म्हणून नंबर असेल तर नंबराच्या काचा बसवता येणारा मास्क घ्या. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क सध्या फार विकले जातात. ते घेऊ नका. आत पाणी शिरलं किंवा दम कोंडला तर नळी तोंडातून थुंकून मोकळं होता येत नाही, अख्खा मास्क ओरबाडून काढावा लागतो.

मास्क गळायला लागला की सगळे पट्टा आवळतात. नेमकी हीच चूक. जास्त आवळला की सिलिकॉनची कड दुमडते, गालाला घड्या पडतात आणि त्या घडीतून पाणी आत येतं. आधी पट्टा सैल करा. तो कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर हवा, मानेवर नको. मग कडेवरून बोट फिरवा: एखादी बट, टोपीची किनार, काही अडकलंय का? स्विमिंग कॅपची कड मास्कखाली जाणं हे गळतीचं नेहमीचं कारण. आणि पाण्यात हसू नका. हसलं की गालाला घडी पडते आणि तिथून पाणी शिरतं. मासा कितीही गमतीदार असो, हसायचं ते वर आल्यावर.

मिशांचं काय? मास्कची खालची कड नाकपुड्यांच्या लगेच खाली बसते. मिशीचा वरचा, नाकालगतचा बारीक पट्टा वस्तऱ्याने साफ केला तर पुरतं. अख्खी मिशी उतरवायची गरज नाही. मिशीला व्हॅसलीन चोपडा, हा सल्ला कानाआड करा. ते बोटांनी काचेवर जातं आणि मग दिसतं ते सगळं धूसर.

धुकं धरण्याचाही असाच घोळ. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो गेल्याशिवाय कुठलाही फवारा टिकत नाही. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नको) काचेच्या आतल्या बाजूला बोटाने दोन-तीन मिनिटं चोळा, धुवा, आणि हे तीन-चार वेळा करा. मात्र आत धुकंरोधक थर दिलेला असेल तर चोळू नका, तो निघून जाईल. लायटरने काच भाजायचा उपायही सांगितला जातो. त्यात सिलिकॉन जळतं, नसता उद्योग. पाण्यात उतरण्याआधी बेबी शॅम्पूचा एक थेंब आत पसरवा आणि हलकंच खंगाळा. त्यानंतरही धुकं येत असेल तर तुम्ही नाकाने श्वास सोडताय. मास्क कपाळावर चढवून ठेवू नका. कपाळाच्या घामाने काच लगेच धुरकटते आणि लाटेत मास्क वाहूनही जातो.

सरावाला खंभातच्या आखाताचा उपयोग नाही, पाणी गढूळ आणि भरती-ओहोटी जबर. लालबाग असो की सरदारबाग, चालू असेल त्या तलावात प्रशिक्षकांना विचारून छातीएवढ्या पाण्यात उभे राहा. तोंड पाण्यात घालून पाच मिनिटं फक्त तोंडाने, सावकाश आणि खोल श्वास घ्या. भराभर उथळ श्वास घेतला तर नळीतलीच वापरलेली हवा परत आत येते आणि दम लागतो. म्हणूनच जादा लांब नळी घेऊ नये. नंतर मुद्दाम नळीत पाणी भरून ‘थू’ करून एका जोरदार फुंकरीने ते बाहेर उडवा. पुढचा श्वास जपून घ्या, थेंब राहिलेले असतात. तोंडातला रबरी भाग दातांनी चावू नका, जबडा दुखतो, ओठांनी धरा.

कपडे: पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट. सनस्क्रीन मानेला आणि पोटऱ्यांना विसरू नका, तीच जागा भाजते.

दिवस ठरवताना भरतीची वेळ बघा. ती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. शहीद द्वीपावर (जुनं नील) ओहोटीत प्रवाळ इतकं वर येतं की गुडघे खरवडतात. प्रवाळावर उभं राहू नका आणि तुकडा खिशात घालू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहे.

पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला. दारू पिऊन उतरू नका. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर बडोद्यातच डॉक्टरांना विचारून घ्या. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊन ‘फुप्फुसं भरणं’ धोक्याचं असतं, पाण्याखाली अचानक शुद्ध हरपू शकते. जोडीदार हाताच्या अंतरावर ठेवा, दर दोन-तीन मिनिटांनी डोकं वर काढून किनारा आणि बोट कुठे आहेत ते बघा. मगरीच्या इशाऱ्याची पाटी दिसली तर तिथे उतरूच नका, मार्गदर्शक ‘काही होत नाही’ म्हणाला तरी.