रब्बी टोमॅटोचे जैविक पीकसंरक्षण रोपवाटिकेपासूनच सुरू करावे

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टोमॅटोची पुनर्लागवड करणाऱ्यांनी जैविक उपायांची आखणी बियाणे गादीवाफ्यावर पडण्यापूर्वीच करावी, कारण कीड डोळ्यांना दिसू लागल्यावर हाती घेतलेले हे उपाय बहुधा अपुरे पडतात. रोपांची मर टाळण्यासाठी पेरणीपूर्वी दर किलो बियाण्यास 4 ते 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) चोळावा. रसायनाची बीजप्रक्रिया झालेल्या विकतच्या बियाण्यावर तो फारसा टिकत नाही. अशा वेळी चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून वाफ्यात द्यावा. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या पर्णगुच्छ या विषाणूजन्य रोगावर कोणतेही औषध नसल्याने पांढऱ्या माशीला अडविणे एवढेच आपल्या हाती असते, म्हणून वाफे बारीक नायलॉन जाळीने झाकावेत.

फळ पोखरणाऱ्या अळीसाठी झेंडूचे सापळा पीक घ्यावे. टोमॅटोच्या दर 16 ओळींनंतर आफ्रिकन झेंडूची एक ओळ लावताना झेंडूची रोपे सुमारे 40 दिवसांची आणि टोमॅटोची 25 दिवसांची असावीत, म्हणजे दोन्हींचा फुलोरा एकाच सुमारास येतो आणि मादी पतंग अंडी घालण्यासाठी झेंडूकडे वळतो. बांधावर उरलीसुरली रोपे टोचून हा हेतू साधत नाही. एकरी 5 कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत आणि त्यांत पतंग दिसू लागताच ट्रायकोकार्ड (किडीची अंडी नष्ट करणाऱ्या सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाश्या ज्यांतून बाहेर पडतात ती कार्डे) संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूस लावावीत. त्यानंतर काही दिवस रासायनिक कीटकनाशक फवारू नये, अन्यथा परोपजीवी गांधीलमाश्याच आधी मरतात.

अळ्या लहान असतानाच हेक्टरी 250 एलई (अळ्यांच्या संख्येवर आधारित मात्रेचे एकक) या प्रमाणात एचएएनपीव्ही (या अळीला रोग लावणारा विषाणू) फवारावे. अळी फळात शिरल्यावर विषाणू तिच्यापर्यंत पोहोचत नाही, तर उन्हातील अतिनील किरणांनी तो निष्क्रिय होतो. म्हणून फवारणी सायंकाळीच करावी. अळी खाणे थांबवून शेंड्याकडे उलटी लटकेपर्यंत चार ते सात दिवस जातात. याच काळात धीर सुटून दुसऱ्याच दिवशी रासायनिक फवारा मारला जातो आणि मित्रकीटकांवर केलेला सारा खर्च वाया जातो.

नागअळी (पानांत नागमोडी रेषा पाडणारी अळी) व पांढऱ्या माशीसाठी 5 टक्के निंबोळी अर्क आणि पिवळे चिकट सापळे सुरुवातीपासून ठेवावेत. मात्र थंड, ढगाळ हवेत उशिरा येणारा करपा दिसल्यास केवळ जैविक उपायांवर विसंबू नये. शिफारशीत बुरशीनाशक वेळेवर फवारावे, ते ट्रायकोडर्मासोबत एकाच टाकीत मिसळू नये आणि लेबलवरील काढणीपूर्व कालावधी (फवारणी व तोडणी यांतील अंतर) पाळावा.