लाइट गेलीय, तोवर करून घेऊ

लातूरात वायरमनची कामं करून मला २२ वर्षं झाली. आधी आयटीआय, मग ठेकेदाराकडं हेल्परी, मग स्वतःची पिशवी. एवढ्या काळात सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, "लाइट गेलीय, तोवर करून घेऊ." ते ऐकलं की माझ्या डाव्या मनगटात कळ येते. कारण एकदा मीच ते बोललो होतो.

मे महिना, दुपारचे दोन, भारनियमन. मेहुण्याच्या बैठकीतलं एक बटण ढिलं झालेलं. फ्रिज बंद, टीव्ही बंद, घर सामसूम. स्टुलावर चढलो, बोर्डाचे दोन स्क्रू काढले, पाटी पुढं ओढली, आणि पुढचं आठवतं ते थेट फरशीवरचं. मेहुण्यानं आदल्याच आठवड्यात इन्व्हर्टर घेतला होता. बैठकीतला पंखा अन् एक ट्यूब त्यावर जोडलेली, दोन्हीची बटणं बंद, म्हणून मला काही कळलं नाही. शॉक क्षणभराचा, प्लास्टर सहा आठवड्यांचं. टेस्टर खिशातच होता.

तेव्हा पहिली गोष्ट: लाइट जाणं आणि लाइट बंद करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेलेली लाइट कुणीतरी तिकडून सोडणार असतो, तुमचा हात कुठं आहे हे त्याला माहीत नसतं. म्हणून लाइट असो की नसो, मेन खाली पाडायचं आणि घरातल्यांना सांगायचं की मी म्हणेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मेनवर चिकटपट्टी मारा, पोरं उत्साही असतात. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. नुसतं मेन पाडलं तर बॅटरीवरून करंट येतो, आणि नुसतं इन्व्हर्टरचं बटण बंद केलं तर बऱ्याच इन्व्हर्टरमधून मेनची लाइट सरळ पुढं जाते. दोन्ही बंद पाहिजेत.

मग टेस्टर. तो तीनदा लावायचा असतो, हे कुणी सांगत नाही. मेन पाडायच्या आधी चालू असलेल्या प्लगमध्ये लावून बघा, पेटतोय ना. मग मेन पाडून कामाच्या जागी, प्रत्येक वायरीला. आणि त्यानंतर बाकीच्यांना सांगून, बोर्डापासून हात बाजूला ठेवून, मेन घडीभर वर करून पुन्हा त्याच प्लगमध्ये. शेवटी पेटला नाही तर टेस्टरच गेलेला, मधलं सगळं खोटं. उन्हाच्या उजेडात त्याचा लाल दिवा दिसत नाही, तळहाताची सावली धरा. लाइट गेलेली असताना ही तपासणी होतच नाही, आणि दुरुस्ती नेमकी तेव्हाच करायला घेतात!

बटणावर तर अजिबात विश्वास नको. बटण फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या, वायरीवर असायला पाहिजे; न्यूट्रल ही परतीची वायर. पण घर बांधताना कुणी फेज-न्यूट्रल उलटं जोडलं, तर बटण न्यूट्रल तोडतं. बल्ब विझतो, होल्डरमध्ये मात्र २३० व्होल्ट तसेच. आमच्या गल्लीतले एक काका बटण बंद करून होल्डर बदलायला गेले आणि होल्डर सोडून खाली आदळले. मी जाऊन बघितलं: लाल, म्हणजे फेजची, वायर सरळ होल्डरला, काळी न्यूट्रलची बटणाला.

आता कूलर, कारण उन्हाळ्यात यानं जीव जातात. पत्र्याचा डबा, आत पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी, आणि माणूस अनवाणी. पाडव्याला माळ्यावरून उतरवला की प्लग न लावता तपासा. वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबरी रिंग आहे का? नसेल तर धारदार कडेनं वरचं प्लास्टिक घासून तांब्याची तार उघडी पडलेली असते. पंपाच्या वायरीला पाण्याखाली जोड असेल तर तो पंप टाकून द्या, टेप मारून वाचवू नका. पिन तीनच हवी. सॉकेटात बसत नाही म्हणून वरची जाडी पिन मोडणारे लोक मी बघितलेत, आणि त्यातले काही शिकलेले होते. हिरवी वायर, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर, पत्र्याला जिथं स्क्रूनं आवळलीय तिथला रंग खरवडलेला पाहिजे, रंगावर आवळली तर ती नुसती शोभेची. आणि पाणी भरताना बटण नाही, प्लग काढायचा.

हिरवी वायर ठीक असली तरी पुढं ती जिथं जमिनीत उतरते तो अर्थिंगचा खड्डा आहे. काळी माती उन्हात तडकते, भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपाला सोडून देते. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं. माणसालाच घागर मोजून, तिथं खड्ड्याला कोण घालतंय? त्या साली "कूलर झिणझिण्या देतोय" म्हणून मला रोज फोन. एप्रिल-मेमध्ये दोन-चार दिवसांनी बादलीभर पाणी ओता, भांड्यांचं चालेल.

"आमच्याकडं एमसीबी आहे की," असं म्हणतात. एमसीबी म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारं बटण, तो वायर जळू नये म्हणून असतो. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतात. सहा अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि हृदय बिघडायला शंभरही पुरतात. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, म्हणजे एवढा करंट बाहेर गळला की लाइट तोडणारा. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबा, पडला पाहिजे. सारखा पडतोय म्हणून तो काढायला लावणारी गिऱ्हाइकं मला भेटतात. मी काढत नाही, करंट कुठं गळतोय ते शोधतो. एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरलं तर मात्र तोही वाचवत नाही.

घरी काय करावं? बल्ब, ट्यूब, प्लग पिन बदला, वरचं सगळं पाळून. बोर्डातली नवी जोडणी, मोटारीचा स्टार्टर, मीटर, अर्थिंग, यासाठी परवानाधारक माणूस बोलवा. पंख्याच्या कंडेन्सरमध्ये लाइट बंद केल्यावरही झटका शिल्लक असतो, तो त्याला खाऊ द्या.

कुणी चिकटलंच तर धरायला धावू नका. मेन पाडा, नाही जमलं तर कोरड्या लाकडानं किंवा प्लास्टिकच्या खुर्चीनं ढकला. करंट उतरतो म्हणून माणसाला मातीत पुरतात, त्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन, आणि श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा.

आणि गल्लीतला एकच फेज गेला म्हणून बांबू घेऊन डीपीकडं, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरकडं, निघणारा एक तरी पोरगा प्रत्येक गावात असतो. त्याच्या हातातला बांबू काढून घ्या, १९१२ ला तक्रार नोंदवा, आणि लाइनमन येईपर्यंत त्याला अंगणात बाजेवर बसवून ठेवा.