फिल्मवर उमटलेल्या विजेच्या फांद्या: माझा अनुभव

आमच्या ३५ मिमी फिल्म गुंडाळून डबीत भरणाऱ्या यंत्रावर एक दोष सतावत होता. डेव्हलप केलेल्या नमुन्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक काळ्या रेषा दिसायच्या. आधी वाटलं, कुठूनतरी प्रकाश आत शिरतोय. पण तसं असतं तर काठाकडून धुरकट पट्टा आला असता. फांद्या म्हणजे स्थिर विजेची ठिणगी, दुसरं काही नाही.

मग रद्दी फिल्म लावून, यंत्र चालू ठेवून मी वीस मिनिटं काळोखात नुसता उभा राहिलो. डोळे सरावले आणि एका रोलरपाशी, फिल्म सुटते तिथेच, निळसर चमक दिसली. त्या रोलरच्या अर्थिंगचा कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या रोलरला टेकून वीज जमिनीत नेणारा कार्बनचा तुकडा, पार झिजला होता! रोलर बेअरिंगवर फिरतो, बेअरिंगमध्ये ग्रीस असतं, त्यामुळे सांगाड्याला अर्थिंग असूनही रोलरवरचा विद्युतभार निघून जात नव्हता.

ब्रश बदलला, मीटरने रोलर ते अर्थ जोडणी तपासली. खोलीची हवाही फार कोरडी होती, आर्द्रता ५५ टक्क्यांपर्यंत नेली. स्थिर वीज घालवायला आयन (विद्युतभारित कण) सोडणारी पट्टीही वापरतात, ती मात्र उघडी बसवू नका. तिच्या सुयांना स्वतःचीच मंद चमक असते, त्यानेही फिल्म खराब होते. पुढचे सगळे नमुने स्वच्छ निघाले.