नाशिकमध्ये पार्किंगचे चलन आले, तर बचाव कसा मांडावा

चलनाचा एसएमएस आला की दंड भरून मोकळे होण्याची घाई करू नये. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 200 खाली तडजोड शुल्क, म्हणजे चलनावरची रक्कम, भरले की प्रकरण मिटते, आणि त्याबरोबर आपली बाजू मांडण्याची संधीही जाते. म्हणून आधी महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक या संकेतस्थळावर चलन उघडून कलम, ठिकाण, वेळ आणि छायाचित्र बारकाईने पाहावे. छायाचित्रातील गाडी आपली नसेल किंवा क्रमांकाचा एखादा अंक चुकला असेल, तर तेवढी हरकत पुरेशी असते.

त्यानंतर कलमाकडे वळावे. कलम 122 खाली गाडी अशा रीतीने उभी असावी लागते की तिच्यामुळे धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय झाली किंवा होण्याची शक्यता होती. त्यामुळे छायाचित्रात रस्ता मोकळा दिसत असेल, तर ते छायाचित्रच आपल्या उपयोगी पडते. ‘नो पार्किंग’चा आरोप मात्र फलकावर उभा असतो. कलम 177 खालचा दंड पहिल्या वेळी 500 आणि पुढे 1500 रुपयांपर्यंत आहे.

जागेचा पुरावा त्याच दिवशी गोळा करावा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त कष्ट इथेच घ्यावेत. महात्मा गांधी रोड, शालिमार किंवा कॉलेज रोड, जिथे चलन झाले तिथे परत जाऊन, गाडी ज्या दिशेने आली त्या दिशेने चालकाच्या नजरेच्या उंचीवरून छायाचित्रे काढावीत. फलक झाडाच्या फांदीआड किंवा फ्लेक्समागे दडला आहे का, सम-विषम तारखांचा असल्यास त्या दिवशी कोणती बाजू खुली होती, हे त्यात दिसले पाहिजे. निळ्या गोलावर एकच तिरपी लाल रेघ असेल तर मनाई पार्किंगची असते. दोन रेघांची फुली असेल तर थांबण्याचीही असते. प्रवासी उतरवण्यापुरते थांबलो होतो, हा बचाव पहिल्या फलकापाशी मांडता येतो, दुसऱ्यापाशी टिकत नाही.

गाडी अचानक बंद पडली किंवा रुग्णाला तातडीने जिल्हा रुग्णालयात न्यायचे होते, अशा वेळी भारतीय न्याय संहितेच्या कलम 19 मधील तत्त्वाचा, म्हणजे मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीचा, आधार घेता येतो. हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र आपल्यावर असते, त्यामुळे मेकॅनिकची पावती किंवा वेळ नोंदलेला केसपेपर जपून ठेवावा. ‘दोनच मिनिटे गेलो होतो’ किंवा ‘बाकीच्याही गाड्या होत्या’ हा बचाव नव्हे, आणि आपल्या गाडीने खरोखरच वाट अडली असेल तर दंड भरणेच योग्य.

पुराव्यासह तक्रार आधी संकेतस्थळावर नोंदवावी. ती फेटाळली गेली आणि प्रकरण न्यायालयात गेले, तर गुन्हा कबूल नसल्याचे स्पष्ट सांगावे. मग आरोप सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर येतो आणि इलेक्ट्रॉनिक छायाचित्रासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र मागता येते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते. लोकअदालतीत तडजोड होते, निर्दोषत्व ठरत नाही, त्यामुळे ज्यांना आरोपच मान्य नाही त्यांनी तिथे रक्कम भरण्यापूर्वी विचार करावा.