अभिव्यक्तिवादी शहरचित्राची तैलरंगात नक्कल: या चुका टाळा

अभिव्यक्तिवादी म्हणजे भावना दाखवायला आकार आणि रंग मुद्दाम बदलणारे चित्रकार. त्यांच्यातल्या अर्न्स्ट लुडविग किर्शनर या जर्मन चित्रकाराचं १९१४ सालचं ‘पोट्सडामर प्लाट्झ’ हे चित्र तैलरंग शिकायला फार उपयोगी आहे. बर्लिनमधला चौक, हिरवे रस्ते, रस्त्यामधल्या गोल बेटावर (वाहतूक बेटावर) उभ्या दोन उंच स्त्रिया, मागे लाल विटांचं स्टेशन. रंग मोजके, आकार मोठे. पण ‘इथे सगळं वाकडंतिकडंच आहे, थोडं चुकलं तरी खपेल’ असं समजून हात घातला की नक्कल फसते. हा वाकडेपणा मोजूनच उतरवावा लागतो.

मूळ चित्र २०० × १५० सें.मी. आहे. घरात पडलेल्या चौकोनी कॅनव्हासवर ते बसवायला गेलात तर स्त्रिया बुटक्या होतात. ४० × ३० सें.मी.चा कॅनव्हास घ्या, म्हणजे बरोबर एक पंचमांश. उंचीत आठ आणि रुंदीत सहा असे ४८ चौकोन छापील प्रतीवरही आखा आणि कॅनव्हासवरही.

सगळ्यात जास्त चुकतं ते बेट. स्त्रिया समोरून दिसतात, बेट मात्र वरून पाहिल्यासारखं आहे. आपला हात नकळत त्याचा चपटा लंबगोल करून टाकतो आणि पायाखालची ती कलंडलेली जमीन एकदम सपाट होते. तिथे ‘बेट’ काढूच नका. कडा कोणत्या चौकोनाची रेघ कुठे छेदते, तेवढंच बघत पुढे सरका.

दुसरी मोठी चूक म्हणजे आधी काळ्या बाह्यरेषा आखून मग आत रंग भरणं. त्याने चित्राचं रंगवायचं पुस्तक होतं. आधी डोळे किलकिले करून गडद, मध्यम आणि उजळ असे तीनच भाग पाडा. कडा दोन रंगांच्या भेटीतून येऊ द्या. काळा शेवटी, मोजक्या जागी. ओल्या पिवळ्यात काळा लागला की मळकट हिरवा होतो, म्हणून काळ्याचा एक फटकारा मारायचा, ब्रश पुसायचा, मग दुसरा. ८ आणि १२ नंबरचे चपटे, राठ केसांचे ब्रश बहुतेक कामाला पुरतात.

रस्त्याचा हिरवा मेला असेल तर त्यात पांढरा जास्त झालाय. व्हिरिडियनमध्ये (निळसर हिरव्या रंगात) लेमन यलो घालून उजळवा, पांढरा नखाएवढाच.

वाळलेल्या रंगावरून कापड फिरवल्यावर रंग निघतो? टर्पेंटाइन जास्त झालं, रंगाला धरून ठेवणारं तेल उरलं नाही. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, दुसरा ट्यूबमधला तसाच, शेवटच्या थरात हवं तर जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब. हा क्रम उलटला तर खालचा तेलकट थर वाळायच्या आत वरचा कडक होतो आणि तडा जातो. आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग सावकाश वाळतो, त्यामुळे खालच्या थरात तो जाड लावू नका.

काही जागा वाळून निस्तेज दिसल्या तर घाबरू नका. किर्शनरला मॅट पृष्ठभागच हवा असायचा, म्हणून चकचकीत व्हार्निश इथे शोभत नाही.

तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.