कागदाचा घुमट: दीक्षाभूमीच्या स्तूपाचं मॉडेल कसं करावं

कागदी मॉडेलच्या छंदात नवा माणूस आला की त्याला आधी चौकोनी इमारत करायला सांगतात. खोका चिकटवता येतो हे कळायला मॉडेल कशाला हवं? हात बसवायचा असेल तर एक घुमट करा, आणि नागपुरात राहत असाल तर दीक्षाभूमीचाच करा. अडलं की जाऊन बघता येतं.

स्तूपाचा व्यास १२० फूट, उंचीही १२० फूट. १:२०० प्रमाणात व्यास १८३ मिलिमीटर येतो. याहून लहान केलात तर बोटं आत शिरत नाहीत. घुमट अर्धगोल धरा, म्हणजे त्याची उंची ६० फूट. उरलेल्या ६० फुटांत खालचा मजला, हर्मिका (घुमटाच्या शेंड्यावरची चौकोनी पेटी) आणि तिच्यावरचं छत्र यांची वाटणी फोटोवरून करा. चार दिशांना चार दारं आहेत, त्यामुळे एका दाराचा अगदी समोरून काढलेला फोटो पुरतो. तो धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत काढायला जाऊ नका.

२०० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची, आयव्हरी कार्डशीट घ्या, चकचकीत नको. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कुठेही मिळते. खालच्या मजल्याच्या भिंती कापा, घडीच्या रेघांवरून शाई संपलेलं बॉलपेन दाबून फिरवा, दुमडा, चिकटवा. झालं.

आता घुमट. माझी सगळ्यात जास्त कार्डशीट इथेच वाया गेली आहे, म्हणून सावकाश सांगतो.

फुग्यावर कागदाचे तुकडे चिकटवा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. ते ऐकू नका. फुगा कधीच नीट अर्धगोल नसतो, आणि ओल्या कागदाला सुरकुत्या पडतात त्या पडतातच. वरून पुट्टी मारून घासायचं असेल तर मग कागदाचं मॉडेल म्हणायचं कशाला? घुमट पाकळ्यांचाच करायचा, म्हणजे तळाला रुंद आणि शेंड्याला टोकदार अशा कागदी फाका कडेला कड जोडून. सांचीचा स्तूप भरीव आहे, दीक्षाभूमीचा पोकळ. आपलाही पोकळच राहू द्या, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबू नका.

पाकळ्या सोळा. व्यास १८३ तर परीघ ५७५, म्हणजे प्रत्येक पाकळी तळाला ३६ मिलिमीटर रुंद. लांबी परिघाच्या पाव, १४४ मिलिमीटर. मधली रेघ आखा आणि तळापासून दर २४ मिलिमीटरवर रुंदी मांडत जा: ३५, ३१, २५.५, १८, ९ आणि टोकाला शून्य. हे बिंदू लवचिक पट्टीने जोडा. बहुतेक जण इथे सरळ रेघा मारतात, मग घुमटाचा तंबू होतो. कंपासनेही कड काढू नका, ती वर्तुळाची कड नाही. एकच पाकळी जीव लावून कापा आणि तिच्यावरून बाकीच्या आखा. प्रत्येक पाकळी अर्धा मिलिमीटर जरी जास्त भरली तरी सोळांचे आठ मिलिमीटर होतात आणि घुमट खालच्या मजल्यावर बसत नाही.

कागदाला आडवं-उभं असतं. शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. जिकडून सहज वाकते ते वाकणं पाकळीच्या लांबीत आलं पाहिजे. उलटं धरलंत तर कागद वळणावर मोडतो आणि ती मोड पुढे काही केल्या जात नाही.

चिकटवण्याआधी प्रत्येक पाकळीला बाक द्या. माऊसपॅडवर ती उलटी ठेवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे गोल गोल घासत जा, खोलगट होईपर्यंत. सपाट पाकळ्या जोडून नंतर बाक येईल अशी आशा धरू नका, येत नाही.

पाकळीच्या कडेला दातेरी पट्ट्या ठेवायला सांगणारे नमुने सरळ फेकून द्या. दाते आतून उठतात आणि पांढऱ्या घुमटावर प्रत्येक दात्याची सावली दिसते. कडेला कड भिडवा आणि आतून साध्या झेरॉक्सच्या कागदाचे आठ मिलिमीटर रुंद, पंधरा लांब तुकडे लावत तळापासून वर चढा. सलग लांब पट्टी लावलीत तर ती बाकावर चुण्या घेते. फेविकॉलमध्ये पाणी घालायचं नाही. टूथपिकच्या टोकाने पातळ थर, बस्स.

चार-चार पाकळ्यांचे चार पाव घुमट करा. पुठ्ठ्याची नव्वद मिलिमीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं खाचेत एकमेकांत अडकवा, म्हणजे सांगाडा झाला. चारही मोठे सांधे त्याच्या चार कडांवर आले पाहिजेत. शेंड्याला सोळा टोकं कधीच नीट मिळत नाहीत. प्रत्येकाचं चार मिलिमीटर टोक उडवा आणि वर हर्मिका बसवा. तिथे ती खऱ्या स्तूपावरही आहे, आपल्याला फुकटचं झाकण मिळतं.

आणि कूलर. मे महिन्यात कूलरसमोर बसून हे काम करायचं नाही. त्या दमट वाऱ्याने कार्डशीट फुगते, दुपारी भिडलेली कड रात्री उघडी पडते. कूलर बंद करून बसायची तयारी नसेल तर पाकळ्या दिवाळीनंतरच कापायला घ्या. पावसाळ्यात कापलेले तुकडे जाड पुस्तकाखाली दाबून ठेवले तर निभतं.

दारांवरच्या कमानी दुहेरी कागदाच्या कापा, म्हणजे खोली दिसते. अशोकचक्रं छापून चिकटवा, या आकारात सुरीने आरे कोरायच्या भानगडीत पडू नका. छत्राला अगरबत्तीची काडी आणि फोटोत दिसतात तशा चकत्या. हत्ती, घोडे, सिंह सपाट कापले तरी चालतात.

तयार मॉडेल पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका. नागपूरच्या उन्हात पांढरी शीट बघता बघता पिवळी पडते.