आधी रोल, मग सूचना

फुटबॉल मॅनेजर २०२४ या संघ सांभाळण्याच्या व्हिडिओ गेममध्ये बहुतेक रोलसोबत (खेळाडूला दिलेल्या भूमिकेसोबत) काही सूचना पक्क्या येतात, त्या काढता येत नाहीत. इन्व्हर्टेड विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक, चेंडू घेऊन मैदानाच्या मध्याकडे आत वळणारच. म्हणून आधी रोल आणि ड्यूटी (खेळाडूने किती आक्रमक किंवा बचावात्मक राहायचे ते) ठरवा, मग टीम इन्स्ट्रक्शन्स, म्हणजे संपूर्ण संघाच्या सूचना. एकेका खेळाडूच्या सूचना सर्वांत शेवटी, आणि मोजक्याच.

सगळ्यात जास्त घोळ बाजूच्या जोडीत होतो. इन्व्हर्टेड विंगरमागे इन्व्हर्टेड विंग-बॅक (आत सरकणारा कडेचा बचावपटू) लावला, की दोघेही मध्यभागी गर्दी करतात, टचलाइन (मैदानाची बाजूची कड) ओस पडते आणि प्रतिस्पर्ध्याला अरुंद जागेतच बचाव करायचा उरतो. तिथे अटॅक ड्यूटीचा, कडेनेच वर जाणारा साधा विंग-बॅक द्या. मात्र त्याच्या मागची जागा झाकायला त्या बाजूचा मिडफिल्डर होल्ड पोझिशनवर, म्हणजे जागा न सोडण्याच्या सूचनेवर हवा.

खेळाडूचे ट्रेट्स, म्हणजे त्याच्या खेळाच्या सवयीही तपासा. ‘हग्ज लाइन’ (टचलाइनला चिकटून राहण्याची सवय) असलेला विंगर आत वळण्याच्या रोलशी सतत झगडतो.